झोप विकणाऱ्याने आधी झोप दाखवावी

डीएसआयपी (डेल्टा स्लीप-इंड्यूसिंग पेप्टाइड) नावाचं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची एक छोटी साखळी, गाढ झोप आणतं आणि मेंदूचं म्हातारपण रोखतं असं सांगून टोचून घेण्यासाठी विकलं जातं. त्यावरून जो वाद झडतो आहे, त्यात दोन्ही बाजूंचे आवाज मोठे आहेत आणि दोघीही चुकीच्या माणसाशी भांडत आहेत. एक बाजू म्हणते, शरीर माझं, सुई माझी, रात्रभर छताकडे बघत पडून राहण्याचा छळही माझाच. मग मध्ये पडणारे तुम्ही कोण? दुसरी म्हणते, ही सगळी भोंदूगिरी आहे, बंद करून टाका. पहिलीला घेणाऱ्याचं स्वातंत्र्य दिसतं, दुसरीला त्याचा भाबडेपणा. या हातघाईत विकणारा मात्र अलगद निसटतो. त्याला कुणी काही विचारतच नाही. माझं म्हणणं असं की वादाचा रोख त्याच्याकडे वळायला हवा. झोप विकणाऱ्याने आधी झोप येते हे दाखवावं, आणि मेंदूचं म्हातारपण रोखण्याचा दावा झोपेच्या दाव्याच्या पाठीवर बसवून फुकटात नेऊ नये. घेणाऱ्याला गुन्हेगार किंवा मूर्ख ठरवण्याची यात काहीच गरज नाही.

या रेणूचा मान आधी राखायला हवा, कारण त्याचा जन्म कुण्या भोंदूच्या दुकानात झालेला नाही. झोप ही शरीरात साठत जाणाऱ्या एखाद्या पदार्थामुळे येते का, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये कुनिओमी इशिमोरी आणि फ्रान्समध्ये आंरी पिएराँ यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच कल्पना लढवली: जागरण घडवलेल्या कुत्र्यांच्या मेंदूतला अंश ताज्यातवान्या कुत्र्यांना टोचायचा आणि ती पेंगुळतात का पाहायचं. ती पेंगुळली. पुढे स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे मार्सेल मॉनिए आणि गिडो शोएनेनबेर्गर यांनी हाच धागा उचलला. सशाच्या मेंदूतल्या थॅलॅमस या भागाला विजेने उद्दीपित करून त्याला झोपवायचं, त्याच्या मेंदूतून परतणाऱ्या रक्तातून तो पदार्थ वेगळा काढायचा, जाग्या सशाच्या मेंदूत सोडायचा आणि मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणाऱ्या ईईजीच्या आलेखावर डेल्टा लहरी, म्हणजे गाढ झोपेच्या संथ आणि उंच लहरी, वाढतात का ते मोजायचं. १९७७ साली त्यांनी त्या पदार्थाची, म्हणजेच डीएसआयपीची, रचना जाहीर केली: नऊ अमिनो आम्लांची साखळी, सुरुवात ट्रिप्टोफॅनने, शेवट ग्लुटामिक आम्लाने. काम चिकाटीचं होतं आणि प्रश्न अस्सल होता.

पण मग पुढे काय झालं? शरीर जे पेप्टाइड स्वतः बनवतं त्यासाठी बहुधा एखादं जनुक असतं. डीएसआयपीचं जनुक सापडलं नाही. पेप्टाइड काम करतं तर पेशीवर त्याला पकडणारा ग्राही असावा. तोही सापडला नाही. रक्तात तर ते काही मिनिटांत मोडून जातं. २००६ साली मेंदूच्या रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात या पेप्टाइडचा आढावा आला, तेव्हाही शीर्षकातच ते न सुटलेलं कोडं असल्याचं म्हटलं होतं. माणसांवरच्या चाचण्या ऐंशीच्या दशकात झाल्या, लहान लहान गटांवर, आणि काहींचे निष्कर्ष उत्साहाचे होते. मग १९९२ साली डच संशोधकांनी जुनाट निद्रानाशाच्या १६ रुग्णांवर दुहेरी अंध चाचणी केली, म्हणजे खरं औषध कुणाला आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली मात्रा, कुणाला हे रुग्णालाही ठाऊक नाही, मोजणाऱ्यालाही नाही. झोप लागायला थोडा कमी वेळ लागला, झोपेची कार्यक्षमता थोडी सुधारली. पण परिणाम क्षीण होता, त्यातला काही भाग प्लासिबो गटातल्या योगायोगाच्या बदलामुळे असू शकतो असं संशोधकांनीच लिहिलं, आणि निद्रानाशावर याचा मोठा उपयोग होण्याची शक्यता कमी आहे असा निर्वाळा दिला. आज ज्याच्यासाठी लोक एकमेकांच्या अंगावर धावून जात आहेत त्या औषधाच्या बाजूने असलेल्या चांगल्या प्रतीच्या पुराव्याची ही एवढी उंची आहे. सोळा माणसं.

याच्या शेजारी दुसरं एक पेप्टाइड ठेवून पाहा. मेंदूला जागं ठेवणारं ओरेक्सिन १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांना जवळपास एकाच वेळी सापडलं. पुढच्या वर्षी कळलं की ज्या डॉबरमन कुत्र्यांना चालता चालता झोपेचे झटके येतात त्यांच्यात ओरेक्सिनच्या ग्राहीचं जनुक बिघडलेलं असतं. २००० साली नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा हाच आजार, झालेल्या माणसांच्या मेंदूत ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या दिसल्या. आणि २०१४ साली त्याच ग्राहीला अडवणारी झोपेची पहिली गोळी, सुवोरेक्झंट, अमेरिकेत मंजूर झाली. शोधापासून औषधापर्यंत सोळा वर्षं, आणि वाटेतला प्रत्येक टप्पा तपासता येण्याजोगा. म्हणजे पेप्टाइडांवर विज्ञानाचा आकस आहे किंवा झोपेच्या नव्या वाटा मुद्दाम दाबल्या जातात, हा कांगावा टिकत नाही. एका रेणूला सोळा वर्षांत जे जमलं त्याच्या अर्ध्यावरही दुसरा पन्नास वर्षांत पोचला नसेल, तर त्याच्या कैवाऱ्यांनी थोडं अंतर्मुख व्हायला हरकत नाही.

आता माझ्या विरोधकांची, म्हणजे हे पेप्टाइड घेऊ द्या म्हणणाऱ्यांची, बाजू, आणि तिच्यात दम आहे. त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा पैशाचा. पन्नास वर्षं जुन्या पेप्टाइडच्या मूळ रेणूवर कुणाला एकाधिकार मिळायचा नाही. मग हजारो रुग्णांच्या चाचणीवर कोट्यवधी डॉलर कोण ओतणार? पुरावा नाही याचा अर्थ परिणाम नाही असा होत नाही, एवढाच होतो की कुणी पाहिलंच नाही. हे तंतोतंत खरं आहे, आणि पुराव्याअभावी टिंगल करणाऱ्यांनी ते मान्य करायला हवं. दुसरा मुद्दा इतिहासाचा. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचलं गेलं तेव्हा कुठे होती दुहेरी अंध चाचणी? इन्सुलिनही पेप्टाइडच. पहिला अर्क अशुद्ध निघाला, बारा दिवसांनी अधिक शुद्ध केलेला दिला आणि मुलाच्या रक्तातली साखर उतरली. तेव्हा 'पुरावा आणा' म्हणत बसले असते तर? तिसरा मुद्दा असा की ज्या गोळ्या रीतसर मंजूर आहेत त्यांनी तरी कोणते दिवे लावले? सवय लागते, वयस्कर माणसं रात्री पडतात, सकाळी डोकं जड होतं. हेही खरंच आहे.

इन्सुलिनचा दाखला मात्र देणाऱ्यांवरच उलटतो. त्या काळी मधुमेही मूल उपाशी ठेवून काही महिने जगवायचं, एवढंच वैद्यकाच्या हाती होतं. शेवट ठरलेला होता. मरणाच्या दारातलं मूल उठून बसतं आणि लघवीतली साखर परीक्षानळीत दिसते तितकी उतरते, तेव्हा तुलनेसाठी दुसरा गट लागत नाही. आजवर होऊन गेलेली सगळी मुलं हाच तुलनेचा गट असतो. झोपेचं तसं आहे का? निद्रानाश हा मुळातच चढउतारांचा आजार. माणूस उपाय शोधायला निघतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचा आठवडा काहीही न करता थोडा बरा जाण्याचीच शक्यता अधिक असते. त्यात आज काहीतरी घेतलं आहे या भरवशानेच अंथरुणावरची धास्ती कमी होते. आणि धास्ती हेच निद्रानाशाचं अर्धं इंधन. झोपेच्या झेड-गटातल्या गोळ्यांवरच्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. त्यात गोळीने दिसणाऱ्या फायद्याचा जवळपास अर्धा वाटा प्लासिबोनेही मिळवलेला दिसला. ज्या आजारात साखरेची गोळी अर्धी बाजी मारते तिथे 'मला फरक पडला' या वाक्याला पुरावा कसं म्हणायचं? ते वाक्य खोटं नसतं. फरक पडलेलाच असतो. कशाने पडला, ते त्या वाक्याला ठाऊक नसतं.

या बाबतीत शार्ल ब्राउन-सेकार यांचं उदाहरण मला कुठल्याही आकडेवारीपेक्षा बोलकं वाटतं. मज्जारज्जूच्या इजेच्या एका लक्षणसमूहाला आजही त्यांचं नाव आहे. एकोणिसाव्या शतकातल्या थोर शरीरशास्त्रज्ञांपैकी ते एक. १ जून १८८९ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी पॅरिसच्या जीवशास्त्र परिषदेपुढे सांगितलं की कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतल्यापासून ताकद परतली आहे, प्रयोगशाळेत तासन्तास उभं राहता येतं, बुद्धीलाही तरतरी आली आहे. त्यांनी मोजमापंही दिली. लबाडीचा लवलेश नव्हता. बघता बघता असे अर्क देशोदेशी टोचले जाऊ लागले. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच कृतीने अर्क बनवून त्यातलं टेस्टोस्टेरॉन मोजलं. ते इतकं नगण्य होतं की शरीरावर परिणाम होणंच शक्य नव्हतं. निरीक्षणाचं आयुष्यभराचं शिक्षण घेतलेला माणूस स्वतःवरच्या प्रयोगात असा फसतो, तर थकलेल्या, झोपेला आसुसलेल्या माणसाकडून आपण काय अपेक्षा करावी? म्हणूनच स्वतःवर प्रयोग करणाऱ्यांना हसणं मला उथळ वाटतं. हसण्यासारखं त्यात काही नाही. त्यांच्या हाती मोजण्याचं साधन नाही, आणि ते देण्याची जबाबदारी ज्याची होती तो पैसे मोजून घेऊन गेला आहे.

'पण अपाय तर दिसला नाही ना?' असं पुढे विचारलं जातं. अपाय दिसायला कुणीतरी पाहावं लागतं. थॅलिडोमाइडची जगाला आठवण आहे ती हातपाय आखूड असलेल्या बाळांमुळे, पण ते औषध विकलं गेलं कशासाठी? शांत झोपेसाठी. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ते डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळू लागलं, आणि प्राण्यांमध्ये प्राणघातक मात्राच सापडत नाही हा त्याचा मोठा गुण म्हणून सांगितला जात होता. बार्बिट्युरेट या जुन्या झोपेच्या औषधांच्या अतिसेवनाने माणसं मरत होती त्या काळात हा गुण खरोखर मोलाचा होता. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेत फ्रान्सिस केल्सी यांनी परवानगी रोखून धरली ती बाळांमुळे नव्हे. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काही रुग्णांच्या हातापायांच्या नसा बधिर होत असल्याच्या बातम्या होत्या आणि त्याचं समाधानकारक उत्तर कंपनी देत नव्हती. नोव्हेंबर १९६१ मध्ये औषध मागे घेतलं गेलं तोवर जगभरात सुमारे दहा हजार बाळांना ते भोवलं होतं. औषध निर्धोक असणं पुरेसं नाही, त्याचा गुण येतो हेही विकण्याआधी सिद्ध करायला हवं, हा अमेरिकेचा १९६२ चा कायदा एका झोपेच्या गोळीने घडवला. ज्या नियमाला आज झोपेच्या औषधाच्या वाटेतली धोंड म्हटलं जातं त्याचा उगम हा असा आहे.

आणि रेणू निष्पाप असला तरी कुपी निष्पाप असेलच असं नाही. १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅन, योगायोगाने आपल्या पेप्टाइडचं पहिलंच अमिनो आम्ल, झोपेसाठी दुकानांतून सर्रास विकलं जात होतं. नैसर्गिक, अन्नातच असणारं, मग भीती कशाची? त्या शरद ऋतूत तीव्र स्नायुदुखी आणि रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ घेऊन रुग्ण येऊ लागले. दीड हजारांवर रुग्ण, तीसहून अधिक मृत्यू. माग काढत गेल्यावर धागा एका जपानी उत्पादकाच्या मालातल्या अशुद्धीशी पोचला. पेप्टाइड तर एकेक अमिनो आम्ल जोडत बनवावं लागतं. एखादी कडी गळलेल्या, उलटसुलट जुळलेल्या साखळ्या त्यात राहू शकतात, आणि टोचून आत गेलेला परका तुकडा रोगप्रतिकारशक्तीला चेतवू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ साली डीएसआयपी आणि एपिटॅलॉनसह अनेक पेप्टाइडं सुरक्षिततेची चिंता असलेल्या यादीत टाकली तेव्हा ही कारणं दिली होती. त्यावर 'औषध कंपन्यांचं कारस्थान' एवढंच उत्तर आलं. कारस्थान असेलही, पण त्याने कुपीतली अशुद्धी कमी होत नाही.

मेंदूच्या वार्धक्याचा दावा तर याहून लांबचा पल्ला मारतो. वयाबरोबर गाढ झोप घटते, हे पक्कं. झोपेत मेंदूतला द्रव पेशींमधल्या फटींतून खेळतो आणि दिवसभराचा कचरा, त्यात अल्झायमरमध्ये साठणारं बीटा-अमिलॉइडही, धुऊन नेतो, ही कल्पना २०१३ साली मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांवरून मांडली. तरीही २०२४ साली लंडनच्या एका गटाने उंदरांवरच मोजून उलट सांगितलं की झोपेत आणि भुलीत हा निचरा मंदावतो. वाद मिटलेला नाही. कमी झोप आणि स्मृतिभ्रंश यांचं नातं? ब्रिटनमधल्या जवळपास आठ हजार माणसांचा पंचवीस वर्षं माग ठेवणारा अभ्यास २०२१ साली आला. पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे तीस टक्के अधिक दिसला. पण अल्झायमरची प्रक्रिया लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होते, आणि ती झोपही बिघडवते. मग झोप कमी म्हणून मेंदू म्हातारा, की मेंदू आतून झिजतो आहे म्हणून झोप कमी? या प्रत्येक सांध्यावर प्रश्नचिन्ह असताना विक्रेता एका दमात सांगतो: पेप्टाइडने गाढ झोप, गाढ झोपेने सफाई, सफाईने तरुण मेंदू. पहिलाच सांधा सोळा माणसांवर क्षीण निघाला आहे, याची त्याला आठवण कोण देणार?

प्राण्यांवरचं काम आहे, नाही असं नाही. २००३ साली रशियन संशोधकांनी डीएसआयपी असलेलं एक मिश्रण उंदरांच्या माद्यांना देऊन गाठींचं प्रमाण घटल्याचं नोंदवलं. सेंट पीटर्सबर्गमधल्या व्लादिमीर खाविन्सन यांच्या गटाने मेंदूतल्या पिनियल ग्रंथीच्या अर्कापासून निघालेल्या एपिटॅलॉनवर अनेक दशकं काम केलं. मला ते तुच्छ वाटत नाही. पण असल्या कामाचा मोठा भाग एकाच गटाकडून, एकाच शहरातून येत राहतो आणि बाहेरच्या कुणी तो तितक्याच काटेकोरपणे पुन्हा करून पाहत नाही, तेव्हा त्यावर माणसांना सुया टोचणं घाईचं आहे. पूर्ण तयारीनिशी उतरलेल्या पेप्टाइडचंही मेंदूपुढे काय होतं ते नोव्हेंबर २०२५ मध्ये दिसलं. सेमाग्लुटाइड मधुमेहात आणि वजनात सिद्ध झालेलं, ते घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी दिसत असल्याच्या नोंदीही भरपूर. अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या हजारो रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, आणि आजाराची घसरण मंदावली नाही. त्या नोंदींवर विसंबून उद्याच सगळ्यांना ते दिलं असतं तर हे कळलं असतं का?

मग परत पैशाकडे येऊ, कारण खरी अडचण तीच आहे. एकाधिकार नसलेल्या औषधाची चाचणी होऊच शकत नाही, हे गृहीतक २०२० साली कोसळलं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने डेक्सामेथासोन, साठ वर्षं जुनं, कवडीमोल, घेतलं आणि मार्चमध्ये सुरू केलेल्या कामातून जूनमध्ये दाखवून दिलं की व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांमधले मृत्यू त्याने एक तृतीयांशाने घटतात. सार्वजनिक पैसा होता, रुग्णालयांची साथ होती, नोंदी एका ठिकाणी येत होत्या. झोपेची चाचणी त्याहून सोपी. इथे मृत्यूची वाट पाहावी लागत नाही. लहरी त्याच रात्री मोजता येतात. दोन-तीनशे रुग्ण, काही आठवडे, अर्ध्यांना पेप्टाइड, अर्ध्यांना खारं पाणी, आणि संगणकालाच ठाऊक असलेली वाटणी. मेंदूच्या वार्धक्याचं उत्तर यातून मिळणार नाही, त्याला दशकं लागतील. पण झोप येते की नाही हे वर्षभरात कळेल, आणि नाही आली तर पुढच्या दाव्याची दारं तिथेच बंद होतील. एड्सच्या काळातल्या कार्यकर्त्यांचा दाखला स्वातंत्र्यवादी वारंवार देतात. ऑक्टोबर १९८८ मध्ये त्यांनी अमेरिकन नियामकाच्या मुख्यालयाला घेराव घातला, हे खरं. त्यांना औषधं लवकर हवी होती, पण त्यांनी चाचण्या नाकारल्या नाहीत. विषाणूशास्त्र शिकून त्या चाचण्यांच्या समित्यांवर जाऊन बसले आणि आराखडे सुधारायला लावले. घेणाऱ्यांची आजची चळवळ तो घेराव तेवढा उचलते, समितीतली खुर्ची सोडून देते.

तोवर काय? घेणाऱ्यावर खटले नकोत. झोप न लागणं हाच पुरेसा दंड आहे. त्याला कुणीतरी आधी घोरण्याबद्दल, श्वास अडकण्याबद्दल विचारावं, आणि निद्रानाशावरची वर्तनोपचार पद्धती, जी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली पहिला उपचार म्हणून सुचवली, ती त्याच्या आवाक्यात आणावी. तीही बहुतेकांना मिळत नाही हा वेगळा संताप. विकणाऱ्याला मात्र सूट नको. तो कुपीवर 'केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही' असं छापतो आणि त्या ओळीमागे लपून माणसांना विकतो. ठीक आहे, त्याचा शब्द प्रमाण मानू. संशोधन असेल तर तयार झालेल्या प्रत्येक खेपेची शुद्धता स्वतंत्र प्रयोगशाळेतून तपासून जाहीर कर, कुणाला किती विकलं त्याची नोंद ठेव, अपायाच्या तक्रारी घेऊन उघड कर, आणि विक्रीतला वाटा त्या दोन-तीनशे रुग्णांच्या चाचणीसाठी तिसऱ्याच्या हाती दे. यातलं एकही जमत नसेल तर ते संशोधन नाही, औषधाची बेकायदा विक्री आहे, आणि तिला लागू होणारे कायदे बहुतेक देशांत आधीपासून आहेत.